फोंतेन्हासच्या गल्ल्यांतली लहान दुकाने

गोव्याहून परतलेल्या कुटुंबाची पिशवी उघडून पाहा. काजूची दोन पाकिटे, फुलाफुलांचा एक सदरा, शिंपल्यांची माळ आणि मुलाचे नाव लिहिलेला तांदळाचा दाणा. यातले काजू सोडले तर बाकीचे सगळे कन्याकुमारीला मिळते, पुरीला मिळते आणि गणपतीपुळ्यालाही मिळते. समुद्र निराळे, पण समुद्रकाठची दुकाने जणू एकाच गोदामातून भरलेली.

मग गोव्याचे म्हणावे असे दुकान गेले कुठे? ते शोधायचे तर किनाऱ्याकडे पाठ करून पणजीच्या जुन्या भागात शिरले पाहिजे. मांडवी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जिथे ऐसपैस पसरते, तिथे डाव्या काठावर पणजी आहे. शहराच्या पूर्व टोकाला एका बाजूस आल्तिनोची टेकडी आणि दुसऱ्या बाजूस ओरेमची खाडी. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सां तोमे आणि फोंतेन्हास ही दोन जुनी वस्तीठाणी आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरभर चाललात तर वीस मिनिटांत संपतील. भरभर चालायचे नाही, एवढेच.

आम्हा राजाजीनगरच्या रहिवाशांना गोवा तसा शेजारीच. रिक्षाने यशवंतपूर स्टेशन गाठावे, दुपारी निघणाऱ्या वास्को एक्सप्रेसमध्ये बसावे, रात्री दूधसागरचा घाट झोपेत ओलांडावा आणि पहाटे मडगावला उतरावे. तिथून कदंबच्या बसने तासाभरात पणजी. बहुतेक मंडळी मात्र पणजीत फक्त बस बदलतात आणि कळंगुटच्या वाटेला लागतात. म्हातारे आईवडील आणि शाळकरी मुले बरोबर असतील, तर किनाऱ्याचा एक दिवस कमी करून तो या गल्ल्यांना द्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. सावली आहे, बसायला जागा आहे आणि खाण्याची आबाळ नाही.

नारळाच्या बागेतून उठलेली वस्ती

अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती. अंतोनियो जुआंव द सिकेर नावाचा गोमंतकीय मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतला आणि त्याने खाडीकाठची ही दलदलीची जमीन लागवडीखाली आणली. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत, म्हणजे मोझांबिकवाला. परदेशी कमाई गावात आणून जमिनीत घालणारा माणूस कोकणाला नवा नाही! पुढे ही जमीन कार्मेलाइट जोगिणींच्या मठाकडे गेली, मग सरकारकडे आली आणि तिच्यावर घरे उठली.

घरे उठण्याचे कारण जुने गोवे. पोर्तुगिजांची ती वैभवशाली राजधानी साथीच्या रोगांनी ओस पडत चालली होती. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. साहेब आले म्हणजे कारकून आले, कारकून आले म्हणजे शिंपी, न्हावी, पाववाले आणि वाणी आले. कारकुनांची घरे वरच्या मजल्यावर आणि त्यांना लागणारी दुकाने खाली, अशी ही रचना आपोआप होत गेली. फोंतेन्हास म्हणजे ‘लहान झरे’. टेकडीच्या पायथ्याला फोंत फेनिक्स नावाचा झरा आहे, त्यावरून हे नाव पडले.

सां तोमेच्या चौकात टपाल कचेरीची जी इमारत आहे, तिथे एके काळी तंबाखूचा व्यापार चाले. समोरच्या घराला ‘काझा द मोएद’ म्हणतात. १८३४ पासून १८४१ पर्यंत इथे टांकसाळ होती. म्हणजे एका बाजूला नाणी पाडली जात आणि दुसऱ्या बाजूला ती तंबाखूवर उधळली जात! बाजारपेठेचा आरंभ याहून चांगला कुठे होणार? चालायला सुरुवात इथूनच करावी.

रस्त्यांची नावेही वाचत चला. फोंतेन्हासच्या मुख्य गल्लीचे नाव आहे ‘३१ जानेवारी रस्ता’. ही तारीख भारताच्या इतिहासातली नाही. १८९१ मध्ये त्या दिवशी पोर्तुगालच्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध बंड झाले होते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी ही पाटी राहिली. उलट पणजीच्या नव्या बाजाराचा जो मोठा रस्ता, जिथे कपड्यांची आणि काजूची चकचकीत दुकाने आहेत, तो ‘१८ जून रस्ता’. १९४६ च्या त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकली. एकाच शहरात दोन बंडांच्या नावाने दोन रस्ते. मुलांना इतिहासाचा धडा द्यायचा असेल, तर एवढा गमतीचा सहसा सापडणार नाही.

पावाचे दुकान हेच गावाचे घड्याळ

या भागातल्या दुकानांचा राजा म्हणजे पाववाला. गोव्यात त्याला पोदेर म्हणतात. सकाळी आणि संध्याकाळी सायकलच्या पाठीमागे वेताची टोपली, त्यावर जाड कापड, आणि भोंप्पा वाजवत तो दारावरून जातो. मुंबई-पुण्याच्या माणसाला पाव म्हणजे एकच, लादीचा. इथे मात्र कोंडा असलेली, मध्ये पोकळ पोई वेगळी. कडक सालीचा उंडो वेगळा. कातरलेल्या पाकळ्यांचा कातरे पाव वेगळा. आणि बांगडीसारखे कडक गोल काकण वेगळे. ते चहात बुडवून खायचे. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. आता बहुतेक ठिकाणी यीस्टच असते आणि जुनी माणसे चव गेली म्हणून कुरकुरतात. ती कुरकुर मला खरी वाटते, पण सूर काढायला माडावर चढणारा माणूसच मिळेनासा झाला, तिथे पोदेराने काय करावे?

३१ जानेवारी रस्त्यावर त्याच नावाची ‘कोन्फेतारिया ३१ द जनैर’ ही बेकरी आहे. ती १९३०च्या दशकापासूनची. बाहेरून पाहिले तर हे नावाजलेले ठिकाण असेल असे वाटत नाही. काचेची कपाटे, ट्रेमध्ये मांडलेले पॅटिस, केक, आणि कागदात गुंडाळून दिलेली बेबिंक. शहरात पालिकेच्या बागेजवळ ‘मिस्टर बेकर’ हे दुसरे जुने नाव. त्याने तर स्थापनेचे १९२२ हे साल नावातच घालून टाकले आहे.

बेबिंकविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या बायकांना तिची कृती कळली की तिची किंमत जास्त वाटत नाही. नारळाचे दाट दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, थोडा मैदा आणि तूप. हे मिश्रण एकदम भाजायचे नाही. भांड्यात एक पातळ थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो लाल झाला की त्यावर तूप सोडून दुसरा थर. असे निदान सात थर, आणि हौस असेल तर त्याहून बरेच जास्त. पूर्वी झाकणावर नारळाच्या करवंटीचे निखारे ठेवून हे काम होई आणि एका बेबिंकेला अर्धा दिवस जाई. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात आणि मेहनत वाया. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे दार्जिलिंगच्या चहासारखे तिचे नाव आता कायद्याने राखलेले आहे.

अंडी न खाणाऱ्यांनी हिरमुसले होऊ नये. त्यांच्यासाठी दोदोल आहे. तांदळाचे पीठ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचे दूध हे तासन्‌तास ढवळून आटवायचे. दिसायला काळाकुट्ट, खायला मऊ. आपल्या खरवसाशी आणि हलव्याशी त्याचे दूरचे नाते लावता येईल. मात्र बेकरीत तिखट पदार्थ मागताना आत काय आहे ते विचारून घ्यावे. चुरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार तुकडे भरलेले असतात. विचारल्याचा कुणाला राग येत नाही, दुकानदार उलट आपणहून सांगतो.

नाश्ता मात्र बेकरीत करू नका, तो चर्चच्या चौकाजवळच्या एखाद्या जुन्या हॉटेलात करा. कॅफे तातो, कॅफे भोसले ही नावे पणजीकर आपल्या आजोबांपासून घेत आले आहेत. पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, मिरची भजी आणि गोडसर बन. टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसावे लागते. त्याच्या हातात बहुधा मराठी वर्तमानपत्र असते आणि तोंडात कोंकणी. ‘गोमन्तक’ १९६२ पासून आणि ‘नवप्रभा’ १९७० पासून इथूनच निघतात. भाषावादात ज्यांनी एकमेकांवर शाई उडवली, त्या दोन्ही भाषा या टेबलांवर भाजीपाव वाटून खातात.

निळ्या फरश्या

फोंतेन्हासमध्ये घरांच्या भिंतींवर नावाच्या आणि क्रमांकाच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या दिसतात. त्यांना आझुलेजु म्हणतात. शब्द मूळचा अरबी, वस्तू इबेरियात रुजलेली. भाजलेल्या फरशीवर पांढरी झिलई द्यायची, ती कच्ची असतानाच तिच्यावर कुंचल्याने रंगवायचे आणि मग पुन्हा भट्टीत घालायचे. कच्ची झिलई रंग झटकन शोषते, त्यामुळे चुकीची रेघ पुसता येत नाही. हात बसलेला असावा लागतो.

पणजीतल्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी अशा फरश्यांची मोठी चित्रमालिका आहे. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ मध्ये ती केली. विषय कामोंइशच्या ‘लुझियाद’ या महाकाव्यातला. आत जायला तिकीट नाही, जरूर पाहावी. पण ती मालिका पोर्तुगालमधून आलेली होती. गोव्यात ही कला हाताने करणारा कुणी उरला नव्हता. १९९०च्या दशकात ओर्लांदो द नोरोन्हा हे गोमंतकीय पोर्तुगालला जाऊन ती शिकून आले आणि पणजीत त्यांनी फरश्या रंगवायला सुरुवात केली. रुआ दे ओरेमवर ‘वेल्हा गोवा गॅलेरिया’ हे फरश्यांचेच दुकान आहे. मारियो मिरांडांची चित्रे उतरवलेल्या फरश्याही आता या शहरात मिळतात. लोटलीच्या या व्यंगचित्रकाराने (१९२६–२०११) गोव्याचा बाजार, बस, लग्न आणि दारूचे दुकान असे काही चितारले, की पुष्कळांना प्रत्यक्ष गोवा त्यांच्या चित्रासारखा वाटू लागला.

इथून काय घ्यावे? माझे मत विचाराल तर घराची पाटी. आपले आडनाव मराठीत लिहून द्यावे. रंगवायला आणि भाजायला दिवस लागतात, म्हणून फिरतीच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे. ती चार जणांच्या हातून झालेली नसते आणि दुसऱ्या कुणाच्या दारावर दिसत नाही. किंमत ऐकून ‘एवढी?’ असे आपल्या तोंडून निघेल, तेव्हा त्या न पुसता येणाऱ्या रेघेची आठवण करावी. घासाघीस इथे चालत नाही.

न दिसणारी दुकाने

बेकरी आणि फरश्या पर्यटकालाही सापडतात. खरी मौज आहे ती पाटी नसलेल्या दुकानांत. दोन पायऱ्या चढून एक अंधारी खोली, आत लाकडी फळ्या, मेणबत्त्या, अंडी, सोड्याच्या बाटल्या, शाळेच्या वह्या, आणि काउंटरवर बरण्या. याला पसरो म्हणतात आणि चालवणारा तो पसरकार. कुठे शिंप्याचे यंत्र खिडकीशी लावलेले. कुठे तावेर्न, म्हणजे संध्याकाळी म्हाताऱ्यांनी एक पेला फेणी घेऊन दोन तास गप्पा मारण्याची जागा. तिथे कुटुंबाने जाण्याचे कारण नाही, पण दारावरून जाताना आतल्या लाकडी बाकांकडे एक नजर टाकावी. आता असली बाके कुणी करत नाही.

चर्चच्या चौकातले ‘सिंगबाळ बुक हाऊस’ हे पुस्तकांचे जुने दुकान याच परिसरातले. पणजीकरांच्या पिढ्यांनी तिथून वर्तमानपत्रे घेतली.

पसऱ्यात शिरलात तर एकदम मोबाईल काढू नका. आधी काही तरी घ्या. दुकानदार कोंकणीत ‘कितें जाय?’ म्हणून विचारील, आपण मराठीत उत्तर द्यावे, त्याला नीट समजते. वयस्कर बाईला ‘बाय’ आणि पुरुषाला ‘बाब’ म्हटले की चेहरा सैल होतो. जुन्या धाटणीचा दुकानदार आपल्यालाच ‘पात्रांव’ म्हणेल. म्हणजे मालक! पाच रुपयांची मेणबत्ती घेऊन मालक होण्याचा योग दुसरीकडे नाही. निघताना ‘देव बरें करूं’ म्हणावे.

कोकम सोले, ओटांबाच्या सुकवलेल्या फोडी, नारळाच्या दोरीने बांधलेल्या कांद्याच्या माळा, रेशाद मसाला, पेरूच्या वड्या यांपैकी काही ना काही अशा दुकानांत असतेच. मे महिन्यात गेलात तर पुरुमेंताचा बाजार पाहायला मिळेल. ‘पुरुमेंत’ हा पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’चा कोंकणी अवतार, अर्थ बेगमी. पावसाळ्यात मासेमारी बंद, वाटा बंद, म्हणून सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कांदे घरात भरून ठेवायचे. आपल्याकडच्या आजीचे उन्हाळी वाळवण आणि हे पुरुमेंत सख्ख्या बहिणी. फ्रिज आला, सुपरमार्केट आले, तरी तो बाजार भरतो. डिसेंबरच्या ८ तारखेला पांढऱ्या चर्चचे फेस्त असते, तेव्हा त्या प्रसिद्ध जिन्याच्या पायथ्याशी खाजे विकणाऱ्यांची रांग लागते. आणि फेब्रुवारीत मळ्यातल्या मारुतीची जत्रा. फोंतेन्हास संपते तिथे मळा लागतो आणि टेकडीवरून मारुती खालच्या कौलांवर नजर ठेवून असतो. जत्रेचे दिवस दहाहून अधिक चालतात आणि दुकाने थेट गल्ल्यांत पसरतात. खाजे फेस्तातही तेच आणि जत्रेतही तेच. खाजे करणाऱ्याला देव कोणता हे विचारायची सवड नसते.

घर कुणाचे, दुकान कुणाचे?

आता जरा अप्रिय बोलू. या गल्ल्यांत फिरताना चार घरांमागे एक घर बंद दिसते. कौले खचलेली, खिडकीच्या शिंपल्यांच्या तावदानांतली निम्मी गळालेली. पिवळा, निळा, लाल रंग दिलेल्या शेजाऱ्यांमध्ये ते घर आजारी माणसासारखे उभे असते. असे का व्हावे?

एक कारण कायद्यात आहे. गोव्यात वारसाहक्क अजूनही १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतला. मुलगा-मुलगी भेद नाही, आणि मालमत्तेचा अर्धा हिस्सा मुलांना सारखा मिळालाच पाहिजे, बाप त्यांना डावलू शकत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने हा कायदा उर्वरित भारताच्या कितीतरी वर्षे पुढे होता, हे आपण मान्यच करायला हवे. पण दोन पिढ्या गेल्या की एका घराला वीस-पंचवीस वारस होतात. एक लिस्बनला, एक टोरांटोला, एक मुंबईत, एक वरच्या मजल्यावर एकटी म्हातारी. कौल बदलायचे तर सही कुणाची आणि पैसे कुणाचे?

दुसरे कारण भाडे. गोव्याचा भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा. जुन्या भाडेकरूला सहज काढता येत नाही आणि त्याचे भाडेही फारसे वाढत नाही. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते. खालचा शिंपी किंवा पसरकार आजही दुकान चालवू शकतो, तो या कायद्यामुळे. बाजारभावाने भाडे द्यायचे ठरले तर त्याला महिनाभरात गाशा गुंडाळावा लागेल. पण त्याच कमी भाड्यामुळे वरचा मालक छपराला हात लावत नाही. दुकान टिकवणारा कायदाच दुकानावरचे छप्पर गळू देतो, आणि पावसाळ्यात मळ्याच्या बाजूने पाणी भरले की पहिला माल भिजतो तो खालच्याचाच.

यातून वाट निघाली ती पाहुण्यांची. १९७०च्या दशकात फोंतेन्हास संरक्षित भाग ठरला, त्यामुळे जुनी दर्शनी भिंत पाडून तिथे इमारत उठवता येत नाही. मग पुष्कळ घरांची अतिथिगृहे झाली, कॅफे झाले, चित्रांची दालने झाली. याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तसे करवत नाही. जी घरे अशी चालवली गेली त्यांची छपरे शाबूत आहेत. फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाने १९९५ पासून इथे बस्तान बसवले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे गोमंतकीय चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे तिथे पाहायला मिळतात. हे सगळे जुन्या घरातच शक्य झाले.

अडचण दुसरीकडे आहे. भिंतीचा रंग राखायचा नियम करता येतो, भिंतीआडच्या पसरकाराचे रोजचे गिऱ्हाईक राखायचा नियम करता येत नाही. वरच्या मजल्यावरची म्हातारी गेली, घराचे अतिथिगृह झाले, की खालच्या दुकानातून रोज सकाळी दोन पोया आणि अर्धा डझन अंडी नेणारे एक घर कमी होते. पाहुणा पोई नेत नाही. त्याचा नाश्ता भाड्यातच असतो. अशी दहा घरे बदलली की पसरो बंद होतो आणि त्याच्या जागी ‘आय लव्ह गोवा’ लिहिलेल्या कपांचे दुकान येते. मग किनारा आणि गल्ली यांत फरक तो काय राहिला?

आमच्या राजाजीनगरात हे रोज दिसते. जवळच २०१२ मध्ये प्रचंड मॉल उभा राहिला, तेव्हा कोपऱ्यावरची कॉफीपूड दळून देणारी दुकाने आता बुडणार, असे सगळे म्हणाले होते. ती बुडाली नाहीत. कारण कॉफीत चिकोरी किती घालायची हे त्या दुकानदाराला घरागणिक पाठ आहे आणि ती घरे अजून तिथेच आहेत. राजाजीनगरची वस्ती स्वातंत्र्यानंतरची, फोंतेन्हासची तिच्या दुप्पट-तिप्पट वयाची, पण दुकान जगण्याचे गणित दोन्हीकडे तेच.

गेल्या काही वर्षांत फोंतेन्हासला आणखी एक ताप झाला आहे, तो छायाचित्रांचा. रंगीत भिंतीसमोर लग्नापूर्वीची छायाचित्रे, मोबाईलवरच्या चित्रफिती, कपड्यांच्या जाहिराती. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, दुसऱ्याच्या दारातली सायकल हलवून हे सगळे चालते. आत माणसे राहतात, कुणी आजारी असते, कुणाची दुपारची झोप असते. रहिवाशांनी वैतागून ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लावल्या आहेत. अशी गर्दी दिवसभर गल्लीत उभी असते आणि दुकानात एक रुपयाची खरेदी करत नाही. शिवाय मांडवीतल्या कॅसिनोंकडे येणाऱ्या मोटारी आहेत. त्यातच स्मार्ट सिटीच्या नावाने शहर वर्षानुवर्षे खणून ठेवले गेले. २०२४ मध्ये धूळ आणि खड्ड्यांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायमूर्ती स्वतः रस्ते पाहायला आले. धुळीने माखलेली बेबिंक कोण घेणार? लहान दुकानदाराला असे एखादे वर्षही पुरते.

जाणाऱ्यांसाठी

सकाळी आठ ते अकरा ही वेळ उत्तम. पाव ताजा असतो आणि शेजारीपाजारी खरेदीला बाहेर पडलेले असतात. दुपारी एकच्या सुमारास जुनी दुकाने दार लोटून घेतात ती तीन-चारपर्यंत. गोव्यात दुपारच्या झोपेला धर्मासारखे पाळतात, तेव्हा दार वाजवू नये. रविवारी बरेच बंद असते.

वाट अशी धरावी. टपाल कचेरीपासून सां तोमेच्या गल्ल्या, मग ३१ जानेवारी रस्त्याने सरळ दक्षिणेला. वाटेत बेकरी. पुढे सेंट सेबास्तियनचे छोटे चॅपेल लागते. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. तो १९१८ मध्ये इथे आणला गेला. क्रूसावरच्या येशूची मान सहसा झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात, इथे मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. मुलांना आधी सांगू नका, त्यांना स्वतः हेरू द्या. तिथून फोंत फेनिक्सचा झरा आणि मग मळ्यातला मारुती. पायऱ्या चढवत नसतील त्यांनी खालूनच हात जोडावे आणि परतताना खाडीकाठच्या रस्त्याने फरश्यांच्या दुकानाकडे यावे.

खरेदीचा क्रम उलटा ठेवा. पाटी पहिल्या दिवशी सांगा, मसाले आणि कोकम मधे कधीही, आणि खाण्याचे पदार्थ निघायच्या दिवशी. बेबिंक आणि दोदोल काही दिवस सहज टिकतात, तरी पाठवणी कुठे आहे ते बेकरीत सांगितले म्हणजे ते त्याप्रमाणे बांधून देतात. काकणे तर दोन आठवडेही राहतील. पोई मात्र दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. ती रात्रीच्या गाडीत, पातळ भाजीबरोबर, लोंढा येण्यापूर्वी संपवावी.